शमाल सुटायच्या आधीची खरेदी

मी चौथीत शाळा सोडली. तेव्हा लिहिण्यात चुका निघतील. निघू देत. हे लिहिण्याइतकं मराठी मला येतं, आणि त्या दिवसाचं खरंखोटं ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलोय.

साठ सालाच्या आगेमागे मी कतारला, दोह्यात, सुतारकाम करत होतो. वय बावीस-तेवीस. जुन्या बाजाराच्या मागे मातीच्या भिंतींची एक खोली होती, तीत मी आणि मामू. ते माझे सख्खे मामा नव्हेत. आईच्या गावचे, रत्नागिरीकडचे, म्हणून मामू. गवंडीकाम करायचे आणि हात असा सफाईचा की अरबसुद्धा त्यांनी बांधलेल्या भिंतीवरून तळवा फिरवून बघायचे. सात वर्षं घरी गेले नव्हते. मुलगी पाळण्यात असताना निघाले, ती आता शाळेत जाते असं पत्रात यायचं.

त्या साली उन्हाळा सरता सरता त्यांना खोकला धरला तो सुटेना. इस्पितळातल्या डॉक्टरने छाती तपासली आणि मला बाहेर बोलावून म्हणाला, याला घरी पाठव, वेळ घालवू नको. मामूंना हे सांगावं लागलं नाही. खोलीवर आल्यावर ते स्वतःच म्हणाले, "पोरीला एकदा बघायचंय. तेवढं कर माझ्यासाठी."

मुंबईची आगबोट तेव्हा पंधरवड्याने यायची. दोह्याच्या किनाऱ्याला पाणी उथळ, म्हणून ती लांब खोल पाण्यात नांगर टाकायची आणि धक्क्यावरून लाँच माणसं घेऊन जायची. लाँच चुकली की बोट चुकली.

बोटीच्या आदल्या दोन दिवसांत हवा बिघडली होती. थंडीचे दिवस सुरू झालेले, तरी वारा दक्षिणेचा, गरम आणि चिकट. अंगातला सदरा सुटेना. बाजारात जो तो म्हणत होता की आता शमाल येणार. शमाल म्हणजे उत्तरेचा वारा, हिवाळ्यातला पहिला मोठा. दुकानदार बाहेरची ताडपत्री उतरवत होते, कोळी होड्या वर ओढत होते. मी वर बघायचो तर आभाळ स्वच्छ. मी समुद्राकाठी वाढलेला. ढग नाही, गडगडाट नाही, तर कसलं वादळ? मला कोण वारा शिकवणार!

बोटीच्या दिवशी दोन कामं होती. मामूंचा पासपोर्ट अरबाबाकडे, म्हणजे आमच्या मालकाकडे असायचा आणि अरबाब थंडीत उम्म सलाल मोहम्मदच्या बागेत राहायला जायचा. तिथून पासपोर्ट आणायचा हे एक. दुसरं काम मी माझ्या डोक्याने ठरवलं होतं, ते खरेदीचं.

आमच्याकडे परदेशातून आलेला माणूस बंदरावर उतरला की लोक आधी त्याच्या मागून काय उतरतंय ते बघतात. ट्रंक किती, हमाल किती. मग घरोघर वाटणी जाते, कुठे साबणाची वडी, कुठे ओंजळभर खजूर, जवळच्यांना कापड. माझा बाप खलाशी होता. एकदा आजारपणातून सुटून एका गाठोड्यानिशी घरी आला. मेला तरी मोहल्ल्यात त्याला "गाठोडंवाला" म्हणत होते आणि मला गाठोडंवाल्याचा पोरगा. मामूंचं तसं होऊ द्यायचं नाही, हे मी ठरवून टाकलं होतं.

सकाळी निघताना मामू खाटेवर कोट घालून बसलेले.

"आतापासून कोट कशाला?"

"मी तयार आहे. तू पासपोर्ट आण आणि मला नेऊन बोटीत टाक."

"सामान घ्यायचंय अजून."

"सामान राहू दे."

"रिकाम्या हातांनी जाणार? मामी काय म्हणेल?"

"मामी म्हणेल, आला. बस."

"तुम्ही गप बसा. तापात माणसाला समजत नाही."

"ताप मला आहे बाबा," मामू म्हणाले, "पण डोकं तुझं फिरलंय."

आणि हसले. हसताना खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही. मी पाणी दिलं आणि भाजीच्या पिकअपमध्ये बसून उम्म सलालला गेलो.

अरबाब भला माणूस. त्याने पासपोर्ट काढून ठेवलाच होता. वरून एक पोतं खजूर दिलं आणि आभाळाकडे बोट करून म्हणाला, "शमाल. यल्ला, यल्ला." घाई कर म्हणत होता. मी मान डोलावली. परत येताना वारा एकदम पडला. रस्त्याकडेच्या खजुरीचं पान हलत नव्हतं. मला बरं वाटलं. म्हटलं, झालं, टळलं.

धक्क्यावर उतरून लाँचवाल्या नाखव्याला भेटलो. लाँच असरला, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजला सुटेल, असं त्याने आदल्या दिवशी सांगितलं होतं. तो बलुची, हिंदी बोलायचा.

"मरीज को अभी लाव," तो म्हणाला. "असर तक नहीं रुकेगा. जोहर पढके लाँच छोडेगा."

"कल तो असर बोला था तुमने."

"कल हवा दूसरी थी. शमाल आता है."

"आसमान तो साफ है."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "इधर बादल नहीं आता, भाई. इधर रेती आती है."

त्याच्या बोलण्याचा मला राग आला. मी असा की कुणी मला अडाणी ठरवलं की त्याच्या उलटच करणार. मनात म्हटलं, सगळे नाखवे असंच घाबरवतात, वेळेआधी भरती करून मोकळे व्हायला. जोहरला, म्हणजे दुपारच्या नमाजला, अजून तासभर होता. धक्क्यावरून खोली पाच मिनिटांची. मी डावीकडे खोलीकडे वळायचं सोडून उजवीकडे बाजारात गेलो.

कापड घेतलं, मुलीला फ्रॉकचं आणि मामीला साडीचं. साबण घेतला, एक टॉर्च, दोन जाड ब्लँकेटं. पत्र्याची मोठी ट्रंक घेतली. इथपर्यंत वेळ होता. पण ट्रंकेवर नाव आणि गाव रंगवलं नाही तर ती ट्रंक कसली? बाजाराच्या तोंडाशी एक मलबारी रंगारी बसायचा. मी कागदावर मराठीत लिहून दिलं, त्याने ते चित्र काढावं तसं बघून बघून पांढऱ्या रंगात उतरवलं. ओळ उताराला लागली. गावाचं नाव पार कडेला खाली गेलं.

मी म्हटलं, "पूस. परत लिही."

"भाई, लोग दुकान बंद करता है."

"पूस म्हणतोय ना!"

त्याने घासलेटाचा बोळा फिरवून पुसलं आणि परत लिहिलं. या वेळी सरळ आलं. मग रंग वाळेपर्यंत मी ट्रंक उन्हात धरून उभा राहिलो. मशिदीत बांग झाली, लोक नमाजला गेले, नमाज पढून बाहेरही आले. मी तिथेच. रंगाला बोट लागू नये म्हणून.

खोलीवर पोचलो तेव्हा मामू तसेच बसलेले, कोटाची बटणं लावलेली, पायांत बूट. माझ्याकडे नाही, ट्रंकेकडे बघितलं.

"एवढी मोठी?" एवढंच म्हणाले.

हातगाडीवर ट्रंक आणि खजुराचं पोतं ठेवलं, त्यावर मामूंना बसवलं आणि ढकलत निघालो. बाजार बंद झाला होता. धक्क्यावर पोचलो तर तिथे लाँच नव्हती. दूर पाण्यात ती एका ठिपक्याएवढी दिसत होती. मी हात वर करून ओरडलो. एक म्हातारा अरब दोर गुंडाळत होता, त्याने नुसते हात झटकले. "खलास."

मग उत्तरेकडे बघितलं. तिथे आभाळ आणि जमीन यांच्यामध्ये एक पिवळट भिंत उभी होती आणि ती चालत येत होती. आवाज आधी आला. मग थंडी आली, अशी की दाराची कडी काढून कुणी आत शिरावं. दक्षिणेच्या घामाने ओला झालेला माझा सदरा अंगावर बर्फासारखा झाला. मामूंच्या तोंडावर मी माझं उपरणं बांधलं आणि गाडी उलटी फिरवली. रेतीने समोरचं दिसत नव्हतं, भिंत चाचपडत गेलो. मामू दोन्ही हातांनी ट्रंकेची कडी धरून होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शमाल तीन दिवस वाहिला. छपराच्या चटयांतून रेती गळायची, भाताला कचकच लागायची. थंडी अशी मी पूर्वी बघितली नव्हती. कोकणातला माणूस पावसाची तजवीज करतो, थंडीची आमच्या डोक्यातच येत नाही. खोलीत एक पातळ चादर होती. मी ट्रंक उघडली. दोन्ही ब्लँकेटं मामूंवर घातली, मग फ्रॉकचं कापड, मग साडीचंही. त्यात मामूंचं तोंड तेवढं दिसायचं.

पहिल्या दिवशी दुपारी त्यांनी विचारलं, "बोट आता कुठे असेल रे?"

मला काय ठाऊक? अशा वाऱ्यात ती कुठे तरी आडोशाला उभी असणार. पण मी म्हटलं, "दुबईला लागली असेल."

दुसऱ्या दिवशी परत तेच. मी म्हटलं, "मस्कत."

"लवकर गेली."

"वारा मागून आहे ना!"

तिसऱ्या दिवशी सकाळी वारा जरा उतरला. मामूंचा श्वास घरघरत होता. मी चमच्याने चहा पाजत होतो, तो ओठाच्या कडेने बाहेर येत होता. त्यांनी विचारलं नाही, तरी मी सांगत बसलो. कराची गेली मामू. आता दोन दिवस. मग मुंबई, मग आपली कोकणची बोट, मग बंदर. मी बंदरापर्यंत पोचलो, तेव्हा ते ऐकत नव्हते.

जोहरनंतर दफन केलं. जमीन खडकाळ, कबर खणायला वेळ लागला. आम्ही सगळे मिळून नऊ माणसं होतो.

पुढल्या साली मी गावी गेलो. मामींकडे जाऊन ओटीवर बसलो. त्यांनी रडून झाल्यावर एकच विचारलं, "बोट चुकली कशी रे?"

"शमाल आला," मी म्हटलं. "लाँच वेळेआधी गेली."

यात खोटं काही नाही. मामी म्हणाल्या, "अल्लाची मर्जी." मी मान हलवली आणि उठलो. अंगणापर्यंत गेलो, मग सगळं सांगून टाकावं म्हणून परत ओटीवर चढलो. मामींनी विचारलं, काय रे? मी पाणी मागितलं. पिऊन उतरलो, फाटकाशी पोचलो आणि परत फिरलो. त्यांनी न विचारताच तांब्या आणून दिला, आणि तोही मी उभ्याउभ्याच पिऊन टाकला.