भुऱ्याचे दात आणि काश्मीरच्या काड्या

सशासमोर मांडी घालून लाकडाची काडी चावण्याचा मला चांगला चार दिवसांचा अनुभव आहे.

झालं असं, आमच्या ओवीच्या सशानं, भुऱ्यानं, खाणं कमी केलं. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडून पाहिलं. "सशाचे दात जन्मभर वाढतात. काहीतरी कडक चावलं तरच झिजतात. आठ दिवसांत चावायला लागला नाही, तर कापावे लागतील."

ओवीनं तिथंच भोकाड पसरलं! "पप्पा, कापायचे नाहीत!"

"मी आहे ना!" मी म्हणालो. (हे वाक्य ऐकलं की आमची सुनंदा डोक्याला हात लावते.)

मग मोबाईलवर अभ्यास सुरू! रंगवलेलं लाकूड नको, जर्दाळूची फांदी नको, औषध फवारलेलं तर मुळीच नको! शेवटी सफरचंदाच्या काड्या मागवल्या, थेट काश्मीरच्या. भुऱ्यानं त्या हुंगल्या आणि पाठ फिरवली.

"अहो, त्याला करून दाखवा की," सुनंदा म्हणाली. ती चेष्टा करत होती; मी खरंच बसलो! दूधवाल्यानं दारातून पाहिलं. तेव्हापासून तो माझ्याशी फार हळू आवाजात बोलतो.

सातव्या दिवशी येळवस, म्हणजे रानातल्या पूजेची वेळ अमावास्या आली. त्या दिवशी लातूरकर घरात सापडला तर तो आजारी समजावा. बाकी सगळे रानात. भुऱ्यालाही पिंजऱ्यासकट औशाजवळच्या आमच्या रानात नेलं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप केली होती. आत पांडव म्हणून पाच दगड मांडलेले, शेजारी आंबिलीचं मडकं. मी आरतीला हात जोडतो तोच ओवी किंचाळली, "पप्पा, भुऱ्या पिंजऱ्यात नाही!"

भुऱ्या कोपीत होता. कडब्याचं धांडं धरून करकर, करकर चावत होता!

"अरे सोड! आधी नेटवर बघू दे!" असं ओरडत मी आत सूर मारला. भुऱ्या शहाणा, बाजूनं निसटला. कोप मात्र माझ्या अंगावर आली आणि पाठोपाठ मडकं. आंबील डोक्यावरून कानात, कानातून सदऱ्यात! जेवायला आलेले पाहुणे पत्रावळी मांडायच्या सोडून धावले.

"खातोय! भुऱ्या खातोय!" ओवी नाचायला लागली. पाहुणेही सशाभोवती जमले. मला कोणी बाहेर काढेना. ते करकर ऐकून इतका आनंद झाला, की माझे डोळे भरून आले. (आंबिलीत मिरचीही होती.)

"आबा, ह्या कडब्यावर फवारा मारलता का?" मी पेंढ्यांखालून विचारलं.

"न्हाई रे. बैलं खात्यात की हाच." आबांनी एक पेंढी उचलली आणि खाली वाकून माझं तोंड पाहिलं. "घरी कडब्याची गंज हाय अन् तू काश्मीरहून काड्या मागवायलास? शेतकी कॉलेजात इतकी वर्षं काय शिकलास रे?"

मी कानातली आंबील पुसली.

"चारापिकं, आबा," मी म्हणालो. "त्यात पहिला आलतो."