उलटी घातलेली कॅसेट

नाशिकला एम. जी. रोडच्या मागच्या गल्लीत गोटीराम खालकरांचे दुकान आहे. पाटीवर अजून 'टीव्ही-व्हीसीआर रिपेअर' लिहिलेले आहे. व्हीसीआर गेले, पाठोपाठ जाडे टीव्हीही गेले, पण सकाळी साडेदहाला शटर वर जाते म्हणजे जातेच. सतराव्या वर्षी ते सायखेड्याहून रेडिओ दुरुस्ती शिकायला आले, आता एकसष्ट पूर्ण आहेत. पुढे कोणतीही वस्तू ठेवा, ते म्हणतात, "बघू." दुरुस्त झाल्यावरही "बघू"च म्हणतात.

नव्वदनंतर मुलांमध्ये टीव्ही गेमचे खूळ आले, तेव्हा त्यांच्याकडे कॅसेटींची तीन खोकी होती. सुट्टीत एक न्यायची आणि कंटाळा आला की बदलून दुसरी आणायची, असा रिवाज होता. मूळचे परदेशी स्टिकर गोटीराम खरवडून काढत आणि मुले ज्या नावाने गेम मागत ते नाव निळ्या शाईने लिहून चिकटवत. डुक्करवाला, जीपवाला, विहीरवाला. माल सगळा डुप्लिकेट, आणि ते तेव्हाही लपवत नसत.

आता तोच माल ओळखण्याचा छंद त्यांना लागला आहे. मला त्यांनी समजावले ते असे. जपानमध्ये काही गेम फ्लॉपीवर निघत. कोणाची परवानगी न घेता दुसऱ्याच कारखान्यांनी ते फ्लॉपीवरून उचलून कॅसेटच्या चिपमध्ये भरले. प्रत्येकाने आतली जोडणी आपापल्या डोक्याने केली. गोटीराम कॅसेट उघडतात, भिंगातून जोडणी पाहतात, आतला मजकूर यंत्राने कॉम्प्युटरवर उतरवतात आणि इम्युलेटर नावाच्या प्रोग्रॅममध्ये चालवतात.

"म्हंजे कॉम्प्युटरनं जुन्या मशीनचं सोंग घ्यायचं, वहिनी. पण जोडणी कोणची ते त्याला बरोबर सांगावं लागतं. चुकलं की पडद्यावर नुसती भेळ."

अशा बेपरवाना कॅसेटींची एक यादी इंटरनेटवर आहे. फिनलंडचे एक गृहस्थ ती सांभाळतात. त्यांच्याशी पत्रव्यवहार इंग्रजीत करावा लागतो, आणि मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, म्हणून ते काम माझ्याकडे आले. हे गेल्यापासून दुपारी मला वेळच वेळ आहे.

मागच्या फेब्रुवारीत गोटीरामांना माळ्यावरच्या पेटीत 'विहीरवाला' सापडला. विहिरीतून वर चढणारा बेडूक. जोडणी कोणत्याच नोंदलेल्या कारखान्याशी जुळेना, म्हणजे यादीत नसलेली नवीनच जात. त्यांनी ती इम्युलेटरला शिकवली, बेडूक दिसला, तीन पायऱ्या चढला आणि मग पडद्यावर इंग्रजीत आले, 'दुसरी बाजू लावा'. फ्लॉपी उलटायची सूचना कारखान्याने तशीच ठेवली होती. त्यापुढे गेम हलेना.

ही नवी जात आम्ही यादीसाठी कळवली होती, त्यावर फिनलंडहून पत्र आले. मी वाचून दाखवले: ही प्रत खराब झालेली दिसते, रविवारपर्यंत गेम पुढे गेलेला दाखवता आला नाही तर नोंद काढून टाकतो.

गोटीराम बराच वेळ सोल्डरिंगच्या स्टँडशी चाळा करत राहिले. "लोक आयुष्यभर डुप्लिकेटवाला म्हनले, त्याचं काय नाय. पण ही डुप्लिकेट अस्सल हाय. तेवढं एक कुठंतरी लिहून राहावं."

त्यांच्या पत्नी सिंधुबाई डबा घेऊन आल्या होत्या. "बेडकापायी जेवण सोडलंय यांनी," त्या मला म्हणाल्या. "घरचा गिझर महिना झाला बंद हाय. त्याला मात्र 'बघू'."

"गिझर रविवारी कटणार नाय यादीतून," गोटीराम म्हणाले. मग कॅसेट माझ्यापुढे धरली. "बिघडलीच असंल म्हना. हे ओरखडे बघा. कुन्या शहाण्यानं उलटी घालून वरून दाबली हाय. त्याच्यानंतर जो नेई तो 'अडकते' म्हनून परत आणी. शेवटी पेटीत टाकली."

दुसरी बाजू लावा म्हटल्यावर कॅसेट उलटी कोण घालेल? ज्याला इंग्रजी वाचता येते तो. घरी येताना रिक्षात मला हे सुचले आणि पोचताच मी डायऱ्या काढल्या.

एकोणसाठ डायऱ्या आहेत माझ्याकडे, वर्षवार लावलेल्या. पान सापडायला दहा मिनिटे लागली. १८ नोव्हेंबर १९९३, गुरुवार. 'महेशच्या गेमवर side B लावण्याची सूचना आली. त्याप्रमाणे मी कॅसेट उलटी करून बसवली. बसेना, जोर दिला. टीव्ही बंद पडला. हे हसले. सरळ घातल्यावर चालू झाली. पुन्हा तीच सूचना आली तेव्हा वेदिकाने दुसऱ्या रिमोटचे लाल बटण दाबले आणि खेळ पुढे गेला. महेशच्या रिमोटने जात नाही, तीनदा करून पाहिले. सोमवारी कॅसेट बदलून आणणे. ओरखड्यांचे गोटीरामला सांगायचे नाही.'

महेश माझा मुलगा आणि वेदिका माझी पुतणी, तेव्हा सहा वर्षांची. दिसेल ते बटण दाबायची.

शनिवारी साडेदहाला शटर वर गेले तेव्हा मी डायरी घेऊन उभी होते. पान वाचून दाखवले, शेवटच्या ओळीसकट. गोटीरामांनी फक्त विचारले, "दुसरा रिमोट?"

"दुसरा. लाल बटण."

इम्युलेटरला त्यांनी एकच रिमोट, म्हणजे खेळायचा बटणांचा डबा, जोडलेला होता. बेडूक एकट्यानेच खेळायचा, दुसरा कशाला? आता दुसरा जोडला. सूचना आली. त्यांनी तो रिमोट माझ्याकडे सरकवला. मी लाल बटण दाबले. पडदा क्षणभर काळा झाला, आणि चौथी पायरी आली. फ्लॉपी उलटण्याऐवजी कारखान्याने ते बटण ठेवले होते.

गोटीरामांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "तीस वर्षं," ते म्हणाले, "मी चांगल्या कॅसेटला खराब म्हनत होतो." मग माझ्याकडे पाहून, "आनि शहाणा घरातच व्हता."

"चूक झाली गोटीराम."

"बघू," ते म्हणाले.

चित्रफीत काढून आम्ही फिनलंडला पाठवली. तिकडून विचारणा आली, दुसऱ्या रिमोटची युक्ती कशी कळली, काही पुरावा? गोटीरामांनी डायरीच्या पानाचा फोटो काढला. शेवटची ओळ अंगठ्याने झाकायची त्यांची तयारी होती. मी म्हटले, राहू द्या. पानाचे भाषांतर मागितल्यावर मी सगळे केले, तीही ओळ. अर्धवट भाषांतर कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला कधी शिकवले नाही.

रविवारी नोंद कायम झाली. नाव 'विहीरवाला', सापडल्याचे ठिकाण नाशिक, ओळखणारे गोटीराम खालकर. अवस्थेच्या रकान्यात लिहिले आहे, ग्राहकाने उलटी घातल्याच्या खुणा. ते पान छापून गोटीरामांनी काउंटरच्या काचेखाली ठेवले आहे.

सिंधुबाईंनी ते वाकून पाहिले. "डुप्लिकेटचा जन्मदाखला काढून आणला," त्या म्हणाल्या. "आता गिझर."

गोटीरामांनी पेचकस खिशात घातला आणि पहिल्यांदाच मी त्यांना 'बघू' न म्हणता दुकानातून उठताना पाहिले.