दहा निळ्या वड्या

कुत्र्याचं पिल्लू आणायचं ठरलं तेव्हा मी आधी पुस्तक वाचलं. माझं सगळं असंच सुरू होतं. पुस्तकात म्हटलं होतं की पिल्लाच्या उंचीवर जाऊन घर पाहा. म्हणून दाराला कडी घातली, पदर खोचला आणि साठी उलटलेली मी दहिवलीतल्या आमच्या तीन खोल्यांतून हातापायांवर रांगत फिरले. खालून घर वेगळंच दिसतं. पंख्याची लोंबती वायर, मोरीचं उघडं भोक, फिनेलची बाटली, कपाटाखाली गेलेलं एक चांगलं पेन. संध्याकाळपर्यंत वायरी वर बांधल्या, भोकावर जाळी बसवली, फिनेल माळ्यावर गेलं, फाटकाखालच्या फटीत विटा गेल्या.

ताई जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. आम्ही दोघी बहिणी, दोघींनी लग्न केलं नाही, तीस वर्षं एका घरात राहिलो. घर ताई चालवायची. मी शाळेत इतिहास शिकवायचे आणि घरी वाचायचे. पोशीरच्या ज्या मावशी आम्हाला दर वर्षी तांदूळ देतात, त्यांच्या कुत्रीला पिल्लं झाल्याचं त्यांनी फोनवर सांगितलं, आणि मी “एक मला ठेवा” म्हणून बसले. फोन ठेवल्यावर माझं मलाच नवल वाटलं.

मावशी भाजीच्या पिशवीत पिल्लू घेऊन आल्या. तपकिरी, एक कान पडलेला. खाली ठेवताच ते माझा पदर चघळायला लागलं. मावशींनी कंबरेवर हात ठेवून घरभर नजर फिरवली.

“बाई, सगळं वर टांगलंत. आता तुमी बी वरच बसा. आन् उंदराचं औषद कुटं हाय?”

“औषध? ते ताई ठेवायची.”

“ते मला ठावं हाय. मीच सांगितलं होतं तिला, पोत्यांच्या मागनं उंदीर येत्यात. कुटं ठेवलंय?”

मला माहीत नव्हतं. ताई गॅसचा सिलिंडर, दुधाचा खाडा, सगळं कॅलेंडरवर लिहायची. तिचं जुनं कॅलेंडर मी उतरवलेलं नव्हतं, नवं त्याच्यावरच टांगलं होतं. मागची पानं उलटली. दिवाळीनंतरच्या एका चौकोनात बारीक अक्षरात होतं: ‘औषध ठेवले, १० वड्या.’

मावशींनी माझा पदर पिल्लाच्या तोंडातून सोडवला आणि पिल्लू परत पिशवीत घातलं.

“माजा मागचा कुत्रा त्यानंच गेला, बाई. धा सापडल्या का फोन करा. रविवारपर्यंत थांबते. नेरळचा एक मास्तर मागं लागलाय. त्याच्या घरात उंदीर बी नाय न् औषद बी नाय. नुसता तो न् टीवी.”

तो मंगळवार होता. पिशवीतून पडलेला कान बाहेर लोंबत होता, तो फाटकापर्यंत मला दिसत राहिला.

मी शोध पद्धतशीर घेतला. कागदावर घराचा नकाशा काढला, कोपऱ्यांना आकडे दिले, बॅटरी घेऊन एकेक तपासला. तांदळाच्या पिंपामागे, सिलिंडरमागे, ओट्याखाली, मोरीजवळ आणि माळ्यावर दोन अशा सहा निळ्या वड्या निघाल्या. त्यानंतर दोन दिवस काही नाही. माझे कोपरे संपले होते.

शुक्रवारी दुपारी हात टेकून खुर्चीत बसले. त्या खुर्चीत मी पुस्तकाशिवाय क्वचितच बसले असेन. ताई कामं करता करता बोलत असायची आणि मी पानावरून मान न उचलता “हं” म्हणायचे.

“ऐकतेयस की भिंतीशी बोलतेय मी?”

“ऐकतेय गं.”

“काय म्हटलं मी आत्ता?”

“उंदीर.”

त्या हिवाळ्यात हे उत्तर बहुतेक वेळा बरोबर यायचं. आता मी डोळे मिटून ती बोलणी आठवायला लागले, आणि ती आली. मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त आली. ‘मेल्याने शिवणयंत्राचा पट्टा कुरतडला.’ उठून पाहिलं, यंत्राच्या पायट्यामागे सातवी. ‘देवाच्या वाती पळवतोय, धार्मिक दिसतो.’ देव्हाऱ्याखाली आठवी. ‘तुझ्या छत्रीत बिऱ्हाड केलंय बघ.’ दारामागे नववी. मी एकटीच हसत घरभर फिरत होते.

दहावी मात्र आठवेना. शनिवारी संध्याकाळी मी मावशींना फोन केला. खोटं सांगावं असं एक क्षण मनात आलं होतं, हेही लिहून ठेवते.

“नऊ झाल्या, मावशी. एक नाही सापडत. मास्तरांना द्या तुम्ही.”

मावशी म्हणाल्या, “पुस्तकांच्या मागं बगितलंत?”

“तिथे ताई हात लावायची नाही.”

“तुमी लावू देत नव्हता. ताई मला म्हणायची, आमच्या बाईची पुस्तकं म्हंजे उंदरांचं बाळंतपणाचं हॉस्पिटल. बगा तरी!”

फोन तसाच चालू ठेवून मी कपाटाचा खालचा कप्पा उपसला. जाड खंडांच्या मागे, भिंतीला लागून दहावी वडी होती. बाकीच्या नऊ तिने नुसत्याच ठेवल्या होत्या. हिच्याखाली मात्र स्टीलचं झाकण होतं, आणि झाकणाखाली कागदाची चौपदरी घडी, पुस्तकांना डाग लागू नये म्हणून. खंड मी लावले होते त्याच क्रमाने होते. ते सगळे काढून परत कधी लावले गेले, हे मला कळलंही नव्हतं.

“बाई? अवो बाई, हाय का तिथं?”

“आहे,” मी म्हटलं. “सापडली.”

“मग रडताय कशापायी? उद्या सकाळी येते. च्या ठेवा.”

रात्री मी हातमोजे घालून सगळ्या वड्या डब्यात बंद केल्या, ती प्रत्येक जागा साबणाच्या पाण्याने पुसली आणि नव्या कॅलेंडरवर शनिवारच्या चौकोनात लिहिलं: ‘औषध काढले, १०.’

सकाळी मावशींनी डब्याचं झाकण उघडून बोटाने हवेतच वड्या मोजल्या, मग दाराबाहेर पिशवी तिरकी केली. पिल्लू उंबऱ्याशी आलं, पुढचे दोन पाय वर ठेवले आणि अडकलं. मी वाकले तशी मावशींनी मला मागे ओढलं.

“उचलायचं नाय. त्याचं त्याला येऊ दे.”

ते तीनदा घसरलं. चौथ्यांदा पोटावर आलं, तसंच घरंगळत आत पडलं, आणि खोलीच्या मधोमध जाऊन बसलं. त्याच्याखाली पाणी पसरत गेलं.

“मानलं घर त्यानं,” मावशी म्हणाल्या. “आता च्या द्या.”