खरात सरांचा मोसंबीवरचा पेपर

खरात सरांना त्यांच्या आयुष्यातल्या एकमेव परिषदेत बोलायला सात मिनिटं मिळाली. आणि घंटी वाजवून त्यांना थांबवणारी मी होते.

काल सर गेले. मी अंत्यविधीला अंबडला जाऊन आले. तेव्हापासून नुसती चिडचिड होतेय.

दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं. नवीन जालन्यातल्या एका कॉलेजात सर स्टॅटिस्टिक्स शिकवायचे. मी कॉम्प्युटरची मॅडम, तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनमध्ये 'यंदा ठेवतील का' हा प्रश्न.

तेव्हा आमच्याकडे मशीन लर्निंग हा शब्द कुणाच्या तोंडात नव्हता. सर मात्र स्कूटरवर गावोगाव फिरून मोसंबीच्या बागांची माहिती वहीत उतरवायचे. जमीन कोणती, पाणी किती, झाडं कधी लावली, किती वाळली.

मग लॅबमध्ये बसून ती सगळी माहिती कॉम्प्युटरला द्यायची. एकेक प्रश्न विचारत प्रोग्रॅमने शेवटी सांगायचं, ही बाग टिकेल, ही वाळेल.

"मॅडम, बाग वाळल्यावर सगळेच सांगतात. आधी सांगता आलं पाहिजे," असं म्हणायचे.

त्यातूनच त्यांनी डेटा मायनिंग आणि मशीन लर्निंगवर राष्ट्रीय परिषद घ्यायचं डोक्यात घेतलं. जालन्यात! लोक हसले. सरांनी पत्रं लिहिली, पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेले, बिल्लेसुद्धा स्वतः लिहिले.

उद्घाटन दहाला होतं. प्रमुख पाहुणे आले पावणेबाराला.

मग शाली. मग नारळ. मग ज्यांना शाल मिळाली त्यांची मनोगतं. एकाही मनोगतात डेटा हा शब्द नव्हता.

सरांचा पेपर जेवणाआधी शेवटचा. वीस मिनिटं ठरलेली. वेळ सांभाळायचं काम माझ्याकडे.

सरांनी प्रोजेक्टरवर दुसरी प्लास्टिकची शीट ठेवली, आणि पहिल्या रांगेतून प्राचार्यांनी मला हात केला. वाजवा.

मी मान हलवली. नाही म्हणून.

त्यांनी परत हात केला. या वेळी डोळे वटारून.

मी वाजवली.

सरांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "बरं बरं," म्हणाले, आणि हातातल्या उरलेल्या शीट्स नीट जुळवून फाईलमध्ये ठेवल्या.

मोठ्या शहरातून आलेले अध्यक्ष म्हणाले, "प्रयत्न चांगला आहे. पण हा फार लोकल डेटा झाला. पुढच्या वेळी एखादा इंटरनॅशनल डेटासेट घ्या."

टाळ्या. जेवण.

मी ताट तसंच ठेवलं. बाहेर आले तर पोर्चच्या पायऱ्यांवर सर उभे. समोर शहागडकडचे तीन शेतकरी. त्यांच्याच बागांची माहिती होती म्हणून सरांनी त्यांना बोलावलं होतं. सकाळपासून मागच्या रांगेत बसून होते बिचारे.

सरांनी शीट उन्हात वर धरली होती आणि बोटाने दाखवत होते. "ही भारी जमीन. इथं पाणी साचतं. म्हणून ही बाग वाळणार."

त्यातले उत्तमराव बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सर, हे बराबर न्हाई."

"का हो?"

"माझी जमीन भारीच हाय. पाणी बी साचतं. बाग बिलकुल चांगली हाय. अन् शेजारच्याची पार गेली. मंग?"

सरांनी शीट खाली घेतली.

"तुम्ही खुंट इचारलाच न्हाई. मोसंबीचा डोळा कशावर बांधलाय ते. त्याचं कलम जंबेरी लिंबावर, माझं रंगपूर लिंबावर."

आख्ख्या परिषदेत सरांच्या कामाबद्दल विचारलेला एकमेव खरा प्रश्न तो.

सर इतके खूश झाले! तिथेच पायरीवर बसून लिहून घेतलं. आणि मग प्रत्येक बागेत परत गेले, एकच गोष्ट विचारायला. खुंट कोणता? चार महिने गेले त्यात.

प्रोग्रॅम पुन्हा चालवला. आधी चुकलेल्या बऱ्याच बागा आता बरोबर आल्या. उत्तमरावांचीसुद्धा.

नवा पेपर हैदराबादच्या परिषदेने घेतला. सरांनी रजेचा अर्ज दिला.

प्राचार्य म्हणाले, "परीक्षा आहेत. आणि मोसंबीचं काम आपल्या कॉलेजचं आहे का?"

रजा नामंजूर.

"सर, भांडा ना," मी म्हणाले.

"भांडत राह्यलो तर शिकवू कधी, मॅडम?"

याचा मला तेव्हाही राग आला होता. आजही येतो. भांडायला हवं होतं, सर. तुम्हीही आणि मीही.

घंटीबद्दल मी एकदा माफी मागितली. ते म्हणाले, "तुमच्या नोकरीचा प्रश्न होता. मला कळलं होतं." एवढंच. त्यांनी जरा तरी रागवायला पाहिजे होतं.

तो पेपर कुठेच छापून आला नाही.

काल अंबडला उत्तमराव भेटले. थकलेत. काठी घेऊन आल्ते. म्हणाले, "सरांनी तो निकाल गावात येऊन सांगितला, मंग आम्ही सात-आठ जणांनी नव्या बागा रंगपुरावरच लावल्या. त्यांनी पुढं लई वर्षं फळ दिलं."

हे कॉलेजात कुणालाच माहीत नाही.

आज सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज आला. 'मनमिळाऊ सहकारी आणि उत्कृष्ट आयोजक हरपले.' खाली हात जोडलेल्यांची रांग. एकाने लिहिलं, त्या परिषदेचं जेवण काय झालं होतं!

मी तिथे लिहिलं, सर संशोधक होते.

कुणी काही बोललं नाही. म्हणून इथे लिहितेय.

प्रा. खरात. संशोधक.

सर, मनापासून श्रद्धांजली.