मौलवीसाहेब, मी आणि पुंडलिकाची विहीर

मास्तरांच्या खोलीत किस्से कसे साठतात ते विचारू नका! एक सांगायला घ्यावा, तर मागून चार धावत येतात. अकोल्याच्या आमच्या शाळेत मी सायन्स शिकवायचो, मौलवीसाहेब उर्दू. दोन वर्गांमध्ये नुसता बांबूचा तट्टा.

एकदा मी रंगात येऊन सांगत होतो. ऊन पडतं, वाफ वर जाते, ढग होतो, पाऊस पडतो! तट्ट्यापलीकडून आवाज आला, "मास्टर, ढगाले ढकलते कोन? हवेले काहून विसरले? कुराणात तं तिचं नाव पयले येते!"

वारा खरंच राहिला होता. दोन्ही वर्ग हसले!

*

आमचा मुलूख खारपाणाचा. विहिरीचं खारं पाणी मी किटलीत उकळलं, वाफेवर थंड थाळी धरली. जमलेले थेंब मौलवीसाहेबांनी चाखले आणि उडालेच.

"गोड! अहो, कुराणाच्या आयतीत तेच हाय! खुदाच्या मनात असतं तं पाऊसच खारा पडता. तुमी थाळीभर गोड केलं, तो सारं वऱ्हाड करते. अन् कोळसा बी लागत नाई!"

*

शाळेमागच्या पुंडलिक माळ्याची विहीर आणखी खारावली, वांगी करपली. "नवी बी खारी निघाली, तं बिऱ्हाड घेऊन परतवाड्याले जातो," म्हणाला. बैलगाडी भरूनच ठेवली होती.

नाल्याकाठी खणलं, थोडं पाणी लागलं. मजूर आणखी खोल निघाले.

"थांबा!" मी आणि मौलवीसाहेब एकदमच ओरडलो. मी म्हटलं, पावसाचं गोड पाणी हलकं, ते वर राहतं, खाली खार आहे. ते म्हणाले, खुदाने पाऊस मापानेच पाडून जमिनीत ठेवून दिला, असं कुराणच सांगतं, जास्तीची हाव नको. खणणं थांबलं. आधी कोण ओरडलं, यावर मात्र आम्ही कडाकडा भांडलो!

*

पहिला लोटा वर आला. मौलवीसाहेब सोडून आम्ही सगळे चाखून ओरडलो, "गोड!"

पुंडलिक ढिम्म. "माह्या जिभेले जलमभर खारं, मले काय समजते? अन् तुमी मले गावात थांबवासाठी गोड म्हनून राहिले. मौलवीसाब खोटं बोलत नाईत, ते सांगतीन तेच खरं."

पण मौलवीसाहेबांचा रोजा होता, सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा थेंब नाही! भर उन्हाळा, ओठ सुकलेले. सगळे विहिरीवर बसून राहिलो. पुंडलिकाची बायको गाडीचा कासरा धरून उभी.

संध्याकाळची अजान झाली. मौलवीसाहेबांनी खजूर खाल्ला, लोटा तोंडाला लावला आणि डोळे मिटून सगळा रिकामा केला.

मग लोटा पुंडलिकापुढे धरला. "आनखी!"