भूतबंगल्यातली नोकरी

डी.एड. होऊन चार वर्षं झाली तरी शिक्षकभरती निघेना, तेव्हा मी परभणीबाहेर पाथरी रोडवरच्या एका करमणूक पार्कात कामाला लागले. घरी सांगितलं होतं, तिकीट खिडकीवर बसते. खरं काम भूतबंगल्यात होतं. मी तिथली हडळ होते.

पार्क काही फार मोठं नव्हतं. फाटकातून आत आलं की छोटी रेल्वे, तिच्या इंजिनाला हत्तीचं तोंड. पुढं कोलंबस, म्हणजे झोके घेणारी लोखंडी नाव. ती वर चढली की बायका देवाचा धावा करायच्या. शेजारी ब्रेक डान्स. त्याच्या गरगर फिरणाऱ्या खुर्च्यांतून उतरलेली माणसं कुंपणाला धरून ओकायची. पाण्याची घसरगुंडी होती, पण एप्रिल उजाडला की ती कोरडी, तिच्यावर कुत्री झोपायची. सगळ्यात मागं आकाशपाळणा. वरच्या पाळण्यातून लोक आपापलं गाव शोधायचे. "ते बघ झरी," असं बाप लेकराला सांगायचा. झरी तिथून दिसत नव्हती, पण लेकरू हो म्हणायचं.

आकाशपाळण्याच्या पायथ्याशी आमची पत्र्याची लांब शेड. आतून सगळा काळा रंग, वाकडातिकडा बोळ. एका वळणावर दोरीवरून सांगाडा यायचा, दुसऱ्या वळणावर पेटीतून मुंडकं वर यायचं आणि शेवटच्या वळणावर मी असायचे. पांढरी साडी, मोकळे केस, तोंडाला काजळ आणि लाल रंग. हात बर्फाच्या बादलीत बुडवून ठेवायचा आणि माणूस वळला की मागून त्याच्या मानेवर ठेवायचा. बोलायचं मात्र नाही. मॅनेजरनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तुम्ही बोललात की लोक हसतात."

ते काम मला आवडायचं, हेही सांगितलं पाहिजे. मोठमोठे गडी माझ्या एका हातानं किंचाळायचे. घरात मला कोणी विचारत नव्हतं, तिथं मला घाबरत होते.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या चालू होत्या. एका दुपारी एक म्हातारा माणूस एकटाच आत आला. धोतर, पांढरी टोपी, हातानं भिंत चाचपत चाललेला. मागं कॉलेजच्या पोरांचा घोळका होता. म्हातारा वळला आणि मी त्याच्या मानेवर हात ठेवला. तो ओरडला नाही. वळून माझ्याकडं बघितलं, हळूच भिंतीला टेकला आणि खाली बसला. छातीवर हात होता.

मागची पोरं हसायला लागली. "लय भारी अ‍ॅक्टिंग, बाबा!" असं म्हणत एकेक जण त्याला ओलांडून बाहेर गेला.

मी खाली बसले. त्यानं माझा हात धरला. घामानं त्याचा हात ओलागच्च होता. "बाई, पाणी," तो म्हणाला. माझ्याकडं बर्फाची बादली होती. मी ओंजळीनं त्याच्या ओठांना पाणी लावलं. त्यानं माझ्या रंगवलेल्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "तू कोनाची गं?"

आमच्याकडं अनोळखी पोरीला म्हातारी माणसं असंच विचारतात. बापाचं नाव सांगायचं, गाव सांगायचं. मी गप्प राहिले. नियम आठवला म्हणून, की जीभच उचलली नाही म्हणून, ते मला अजून ठरवता येत नाही. त्यानं दोनदा जोरात श्वास घेतला आणि मग हातातला हात सैल झाला.

मी ओरडले तेव्हा बाहेरच्यांना वाटलं खेळ चाललाय. मॅनेजर येईपर्यंत बराच वेळ गेला. त्यानं नाडी बघितली, बाहेर डोकावला आणि मागच्या दारानं दोघांना बोलावलं. म्हाताऱ्याला उचलून कडुलिंबाजवळच्या सिमेंटच्या बाकावर बसवलं. बाकावर तेव्हा ऊन होतं. मला म्हणाला, "तोंड धुवा, साडी बदला. ते आत आलेच नव्हते. बाकावर बसले होते, उन्हानं चक्कर आली. कळलं?"

मला कळलं.

त्याची सून आणि नात एवढा वेळ आधी रांगेत, मग वर आकाशपाळण्यात होत्या. नातीनं हट्ट धरला होता, आजोबांना उंचीची भीती, म्हणून ते खालीच थांबले होते. पाळणा थांबला, सून उतरली आणि गर्दी बघून धावत आली. चार वर्षांची पोर कडेवर होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी हृदयाचा झटका सांगितला. पोलिसांनी सुनेला सोबत घेऊन पार्कात विचारपूस केली. मॅनेजरनं मला तिकीट खिडकीवरची म्हणून पुढं केलं. मी जबाब दिला, "ते लय वेळ उन्हात बसले होते. सोबत कोणी नव्हतं. पाण्याची बाटलीपण नव्हती."

बाटलीचं मला कोणी शिकवलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं जोडलं, खरं वाटावं म्हणून. सून दोन हातांवर उभी होती. तिनं ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी भूतबंगला नेहमीसारखा उघडला. मी खरंच तिकीट खिडकी मागून घेतली. पुढं लॉकडाऊन लागला, पार्क बंद झालं ते कायमचं. एकदा एसटीतून जाताना बघितलं, तर कोलंबस आडवा करून ट्रकवर चढवत होते. आकाशपाळण्याचे पाळणे काढलेले, नुसतं चाक उभं. आमची शेड तेवढी जशीच्या तशी होती, दार उघडं.

नंतर मला झरीच्या एका खासगी शाळेत काम मिळालं. म्हातारा झरीचा होता, हे मला जबाबाच्या दिवसापासून माहीत होतं. त्याची गल्ली मी टाळत होते. एकदा मधल्या सुट्टीत एक बाई त्या गल्लीकडं बोट करून सहज बोलल्या, "त्या घरची सून, बाई. सासऱ्याला उन्हात बसवून सोता पाळण्यात बसली. पाणीसुद्धा ठिवलं न्हाई. नवऱ्यानं माहेरी लावून दिली."

पाणीसुद्धा ठेवलं नाही. ते माझं वाक्य होतं. पाच वर्षांत ते गावाचं झालं होतं.

त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. म्हाताऱ्याची बायको ओसरीत तूर पाखडत होती. मी सगळं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"ते भुताच्या घरात काहून जातील? अंधारात कंदी गेले न्हाईत ते."

"गेले होते, मावशी. मीच होते आत."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तिनं पाठवलं का तुला?"

मुलगा, म्हणजे त्या सुनेचा नवरा, आतून आला. त्यानंही ऐकलं. बराच वेळ तो दाराच्या कडीशी खेळत राहिला. "आता दुसरीकडं जमायलंय माझं," तो म्हणाला. "तुमी हे उगं काढू नका." आठवडाभरात शाळेनं मला येऊ नका म्हणून सांगितलं. कारण कोणी दिलं नाही, मीही विचारलं नाही.

मग मी ताडकळसला, सुनेच्या माहेरी गेले. त्या दिवशी बाजार होता. सून घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवत होती. मी ओळख सांगितली, तशी तिनं मशीन थांबवली. मी बोलले तेवढा वेळ तिनं सुईखालचं कापड काढलं नाही.

"म्हंजे ते उन्हात न्हवते?"

"नाही."

"आन् पाणी?"

"मी पाजलं. थोडंच गेलं."

ती रडेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, "बाटलीचं तुमी काहून सांगितलं? बाटली माझ्याच पिशवीत व्हती, पाळण्यात. मला वाटायचं, तुमी बघितली आन् म्हणून सांगितलं. मी रोज तेच बघते, ती बाटली."

मी म्हणाले, "लिहून आणलंय. सहीपण केलीय. तुम्ही सासरी दाखवा, कोर्टात दाखवा."

"सासरी कोनाला जायचंय?" ती म्हणाली. "पोरीला सांगा."

तिनं आतून मुलीला हाक मारली. नऊ वर्षांची, दोन वेण्या. आई म्हणाली, "हिला शाळेत समदे म्हणतेत, तुझ्या हट्टापायी आजोबा गेला. सांगा हिला."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. रंग, साडी, बर्फ, सगळं. ती माझ्या हातांकडं बघत होती.

"तुमीच हडळ व्हता?"

"हो."

"मंग तवा काहून न्हाई सांगितलं?"

मी म्हणाले, भीती वाटली. ती उठून आईच्या मागं जाऊन उभी राहिली. आईनं मशीन पुन्हा चालू केली. "तुमी आता जावा," ती म्हणाली.

सही आणि फोन नंबर असलेला तो कागद मी मशीनच्या फळीवर ठेवला आणि बाहेर आले. त्यानंतर तिचा फोन आला नाही. नवऱ्याचं दुसरं लग्न झालं, असं झरीच्या एका ओळखीच्या बाईकडून कळलं. कागदाचं काय झालं ते मात्र कोणीच बोललं नाही.