जिन्याखालची जागा आणि कार्तिकातला पाऊस

बळीराम छत्रीवाला दसऱ्यापर्यंतच छत्रीवाला असे. सुरतेतल्या कतारगामात एका जिन्याखालची टीचभर जागा त्याने आणि रघुनाथने वाटून घेतली होती. पावसाचे चार महिने बळीरामचे, उरलेले आठ रघुनाथच्या कुलूप-किल्ल्यांचे. दोघेही जालन्याकडचे, म्हणून लिहिणंबिहिणं काही नव्हतं. दसरा झाला की बळीराम पक्कड, तारा, काड्यांची पत्र्याची पेटी रघुनाथच्या हवाली करून बारडोलीला ऊसतोडीला जाई. छत्रीचं कामही त्यानेच रघुनाथला शिकवलं. का, तर आपण कधी आजारी पडलो तर गिऱ्हाईक परत जाऊ नये. भोळा माणूस, दुसरं काय.

प्लेगच्या साथीच्या पुढच्या वर्षी मात्र नोव्हेंबरात आभाळ फाटलं. तुळशीच्या लग्नाचे मांडव भिजले, फडात चिखल झाला, गाड्या रुतल्या, तोड थांबली. बाकीचे कपाळाला हात लावून बसले, बळीराम मनातून खूश. सुरतेत लोकांनी छत्र्या माळ्यावर टाकल्या असतील, उंदरांनी कुरतडल्या असतील, आता सगळे जिन्याखाली येतील. पाऊस आहे म्हणजे जागा आपली. त्याने सकाळची एसटी पकडली.

जिन्याखाली रांग होती आणि रघुनाथ त्याचीच पेटी उघडून बसला होता. त्याचंही बळीरामला वाईट वाटलं नाही. आपल्यासाठीच गिऱ्हाईक धरून ठेवलंय, असं वाटून तो डोक्यावर पोतं घेऊन शेवटी उभा राहिला. रांगेत सगळ्यात पुढे असलेल्या बाईने आधीचे काका कुठे म्हणून विचारलं. रघुनाथने मान वर केली नाही.

"वो तो गुजर गए, बेन. दिवाली में."

बाई हळहळली. रघुनाथने मागितली असती तर अर्धी जागा बळीरामने हसत दिली असती. ह्याने त्याला जिवंतपणी जाळून टाकलं होतं, तेही त्याच्याच हाताखाली शिकून.

तो रांग सोडून पुढे आला आणि डोक्यावरचं पोतं काढलं.

"रघू, माझी पेटी दे."

रघुनाथच्या हातातली पक्कड खाली पडली. तो बाईकडे बघून पुटपुटला, "गिऱ्हाईक हायेत. मागनं बोलू."

बळीराम मागनं बोलायला थांबला नाही. पक्कड, तारा, काड्या त्याने एकेक करून पेटीत भरल्या. बाईची छत्री उसवलेली तशीच रघुनाथच्या मांडीवर राहिली. पेटी काखेत मारून तो पावसात चालू लागला. इतक्या वर्षांत त्याची गिऱ्हाइकं पहिल्यांदाच परत गेली.